मधल्या जागेचा माथा

बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी धाकटी मागघरात परत आली आणि पहिल्याच दिवशी तिने फुलाचा डोळा तांबडा बांधला.

आता यात तिची काय चूक? मागून सांगणारीचा आवाज आला, "दोन काळे, एक पांढरा, तीन तांबडे," आणि धाकटीने दोन काळ्या, एक पांढरी, तीन तांबड्या गाठी मारल्या, सुरीने लोकर कापली आणि इतर सहा जणींच्या सुरात "बांधले!" म्हणून मोकळी झाली. लग्न होऊन या डोंगरात आल्यापासून ती हेच करत आली होती. मागघराचा कायदाच तो. तोंड एकीचं, हात सगळ्यांचे.

मागघर गावाच्या वर, उतारावर होतं. बर्फाने शेतं झाकली आणि पुरुष कामाला खाली सपाटीवर उतरले, की गावातल्या बायकांचा हिवाळा इथे सुरू व्हायचा. येताना प्रत्येकीने काखेत एक लाकूड आणायचं, म्हणजे दिवसभराची शेगडी भागायची. भिंतभर उंच माग, त्यावर वरपासून खालपर्यंत ताणलेले पांढरे धागे आणि त्यांच्यापुढे एक लांब फळी. फळीवर सात जणी मागाकडे तोंड करून बसायच्या. गालिचा खालून वर चढत जाई, तशी फळीही एकेक खुंटी वर सरके; एका गालिच्याला दोन हिवाळे लागत आणि दुसरा सरता सरता बायकांचे पाय जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबकळत असायचे. त्यांच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, सांगणारीचं स्टूल. नक्षी कागदावर नव्हती. ती त्या स्टुलावर बसलेल्या बाईच्या डोक्यात होती, आणि गेली एकतीस वर्षं ते डोकं धाकटीच्या सासूचं होतं. गाव त्यांना काकू म्हणायचं, धाकटी आई म्हणायची. घरात थोरली सून कुणी नव्हती, तरी हिला धाकटी म्हणत, कारण फळीवर सगळ्यांत लहान हीच.

उजेड कमी झाला तसं काम थांबलं. काकू नातीला शालीत गुंडाळून पुढे घरी गेल्या. धाकटी फळीखालचे लोकरीचे तुकडे झाडत होती, तेवढ्यात ठसका तिच्या कानाशी आली. हिला बाराही महिने खोकला, म्हणून ठसका. पण खोकल्याहून जीभच जास्त चाले.

"वर बघ जरा. सहा फुलं कशी निळ्या डोळ्यांची, शहाणी. आणि मधलं एकटं लालभडक. पोरीचं जागरण गालिच्यावर कशाला उतरवलंस गं?"

धाकटीने वर पाहिलं आणि तिच्या हातातला झाडू थांबला. ओळीतली तिची जागा नेमकी मधली, चौथी. ते लाल फूल कपाळावरच्या टेंगळासारखं उठून दिसत होतं.

"पण आई तांबडेच म्हणाल्या ना?"

फळीवरचीच गवळण शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख ओढत होती, ती ओढतच राहिली. मग मास्तरीण पुढे आली. तिचा मास्तर कधीच वारला होता. मागे राहिलं होतं ते तिचं हे नाव आणि त्याचा चष्मा.

"म्हणाल्या. आम्हीही ऐकलं. ऐकायचं, 'बांधले' म्हणायचं आणि निळे बांधायचे. फूल तर आपल्या बोटांना पाठ आहे."

"कधीपासून?"

"पहिला बर्फ पडला तेव्हापासून. आधी दिवसातून एखाद वेळा चुकायच्या. आता आम्ही मोजायचं सोडलंय."

"तुला घरात काही दिसलं नाही होय?" गवळणीने राखेतूनच विचारलं.

दिसलं होतं, आणि नव्हतंही. बाळंतपणापासून धाकटीचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. दूध चुलीवर ठेवून विसरायची, दाराला कडी घातली की नाही ते तीन-तीनदा उठून पाहायची, एकदा तर लेक कडेवर असताना तिलाच घरभर शोधत हिंडली. अशा घरात आमटीत मीठ दोनदा पडलं तर ते कुणाच्या हातून पडलं हे कोण सांगणार? दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. "तुझ्या बाळाने तुझी अक्कल नेली आणि जाता जाता माझीही उचलली," काकू म्हणायच्या. सुनेच्या विसरण्याच्या आडोशाला सासूचं विसरणं गुपचूप बसून राहिलं होतं.

"फुलांचं निभेल गं," मास्तरीण म्हणाली. "माथ्याचं काय करायचं?"

माथा म्हणजे गालिच्याचा शेवट. अगदी वरच्या अकरा ओळी, ज्यांत डोंगरांची रांग उठते. फुलं सातही जागांना सारखी. एकदा सांगितलं की सगळ्यांना पुरतं, आणि गालिचाभर तीच ती येत राहतात म्हणून बोटं शिकून जातात. माथ्याचं तसं नाही. तिथे प्रत्येक जागेचा डोंगर वेगळा. सांगणारी एकेकीला तिचं तिचं सांगते, तेही दोन हिवाळ्यांतून एकदा. गालिचा मागावरून उतरला की व्यापारी खेचरावर घालून घेऊन जातो, गावात एकही राहत नाही. आणि सबंध माथा शिकवायचा तो फक्त आपल्यामागून स्टुलावर बसेल तिला, दुसऱ्या कुणाला नाही, ही मागघराची रीत. काकूंनी तो शिकवलाही होता, आपल्या लेकीला. ती मधल्या जागेवर बसायची. मागचा गालिचा उतरला त्याच महिन्यात तापाने गेली. पुढच्या हिवाळ्याआधी धाकटी सून होऊन आली आणि मोकळी पडलेली जागा तिला मिळाली. माथा तिने डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

"मी मागेच म्हटलं होतं, चौकटीच्या कागदावर उतरवून ठेवू," मास्तरीण म्हणाली. "तर म्हणाल्या, कागदावर चढलं की डोक्यातून उतरतं."

"आता कागदही नाही नि..." ठसक्याने वाक्य अर्धंच सोडलं. तिच्या तोंडून अर्धं वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"तूच माग त्यांच्याकडे," मास्तरीण धाकटीला म्हणाली. "घरची तू. स्टूलही पुढे तुझ्याकडेच येणार."

माथा मागायचा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांगणारीकडे माथा मागणं म्हणजे तिला 'आता उठा' म्हणणं.

आज विचारते, उद्या विचारते असं करत धाकटीने महिना घालवला. रोज संध्याकाळी घरी काकू नातीचे तळपाय आपल्या तळहातांत धरून शेकत बसायच्या आणि ते इवलेसे पाय त्यांच्या मुठीत पार दिसेनासे व्हायचे. अशा वेळी कुठल्या तोंडाने विचारायचं? एकदा तिने हिय्या केला. "आई, त्या माथ्याचं..." काकूंनी मान वर केली. मारायला उगारलेला हात दिसल्यावर व्हावा, तसा त्यांचा चेहरा झाला. "काय गं?" "काही नाही. वरच्या अंगाला बर्फ फार साचलाय म्हणतात." काकूंनी मान खाली घातली आणि पाय शेकायला घेतले.

दिवसा धाकटी फळीवरचं नवं कसब शिकत होती. कानाने एक ऐकायचं, तोंडाने हो म्हणायचं, हाताने दुसरंच करायचं. खोटं बोलायला जीभ लागते असं तिला इतके दिवस वाटायचं. इथे सात जणींची सत्तर बोटं दिवसभर खोटं बोलत होती, आणि गालिचा मात्र खरा उतरत होता. तिचं ते एक लाल फूल उसवायला मास्तरीण म्हणाली होती. पण तोवर त्यावर चार ओळी चढल्या होत्या, राहून गेलं. दूध भरून आलं की ती खाली उतरायची, टोपलीतल्या लेकीला अंगाशी धरून शेगडीपाशी बसायची आणि तिथून स्टुलावरच्या सासूला बाजूने पाहायची. काकू डोळ्याची पापणी न हलवता बायकांच्या हातांकडे बघत असायच्या.

माथ्याला वीस ओळी राहिल्या, तेव्हा उसवणं सुरू झालं.

"वरच्या तीन ओळी काढा," काकू एका सकाळी म्हणाल्या. "ढिल्या आहेत."

बायकांनी बोट फिरवून पाहिलं. ओळी दगडासारख्या घट्ट. पण काकूंनी काढा म्हटल्यावर काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या तीन पुन्हा बांधून झाल्या, तर काकूंनी चार काढायला लावल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. ठोकून बसवलेली गाठ उसवणं बांधण्याहून वाईट. नखं मुळापर्यंत झिजतात. गवळणीच्या बोटांतून रक्त आलं, ते तिने काळ्या लोकरीला पुसलं, दिसू नये म्हणून.

"आपण वर चढतोय की खाली उतरतोय, एवढं तरी कळू द्या बाई," ठसका म्हणाली. "म्हणजे पाय तसे टाकू."

फळीवर खसखस पिकली. काकू हसल्या नाहीत. "काढा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मास्तरणीने धाकटीला दारातच गाठलं. "पडतं घेतलं, झाकून घेतलं, सगळं केलं. आता म्हातारी आमची सालं काढायला लागली. हे बघ, उद्या दुपारपर्यंत तू विचारलं नाहीस, तर मी सगळ्यांदेखत विचारीन. फळीवरून. मोठ्याने."

"नको. मी विचारते."

"महिनाभर हेच ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी लोकर रंगातून काढायची होती. मागघराच्या पाठीमागे पत्र्याखाली रंगाची कढई होती. ओली लडी पिळायला दोघी लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट दिशांना पीळ घालत जायचं. धाकटीने मुद्दामच सासूला बरोबर घेतलं. लेक पाठीला बांधलेली होती, तिचा गरम श्वास मानेवर लागत होता. लडीतून काळं पाणी निथळून बर्फात भोकं पडत होती.

"आई, त्या ओळी ढिल्या नव्हत्या."

"मला माहीत आहे."

"मग?"

"पीळ सोडू नकोस. हं. मग काय? वर गेलं की माथा येतो."

धाकटीने मूठ आवळली. "आई, मला माथा द्या," ती एका दमात म्हणाली.

काकूंचे हात चालूच राहिले. लडी दोघींच्या मध्ये दोरखंडासारखी ताठ झाली.

"उशीर केलास गं पोरी."

"म्हणजे?"

"मी पाठीमागे बसते. तुमच्या पाठी मला दिसतात आणि पाठींवरून गालिचाही दिसतो. मी तांबडे म्हणते, सगळ्या मिळून 'बांधले' म्हणता आणि वर निळे उगवतात. पहिल्या दिवशी वाटलं, चेष्टा चाललीय. मग कळलं, सांभाळताहेत. तुमच्या हातांकडे बघून मी पुढचं आठवायला लागले. तू आलीस तेव्हा एक लाल फूल आलं. त्या दिवशी कळलं, मी काय काय बोलत असेन ते."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा होता माथा. अर्धाअधिक होता. रोज पहाटे अंथरुणात म्हणून बघायची. माझी लेक गेल्यापासून तोंडाने म्हटलाच नव्हता मी. म्हणायला लागलं की तिचा आवाज मागे मागे यायचा, चुकत माकत, शिकताना यायचा तसा. मग मी थांबायची. थांबले तिथलं गळून जायचं." त्यांनी लडीला आणखी एक पीळ दिला. पाणी आता थेंब थेंब येत होतं. "वाटायचं, तू विचारशील. आपण होऊन कसं म्हणायचं, मला उठवा? मी तुझ्यासाठी थांबले, तू माझ्यासाठी."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतंच. वाटू द्यायचं होतंस."

पाठीवरची लेक जागी होऊन चुळबुळायला लागली, तशी धाकटी जागच्या जागी झुलायला लागली, हातातलं टोक न सोडता.

"आता किती आठवतो?"

"डोंगर होते," काकू म्हणाल्या. "एवढं आठवतं."

दोघी आत आल्या. बायका फळीवर चढून बसल्या होत्या. मास्तरणीने चष्मा सारखा केला आणि तोंड उघडलं, पण काकूंनी तिला बोलू दिलं नाही. त्या स्टुलावर बसल्या नाहीत, स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे माथा नाही," त्या म्हणाल्या. "गेला. आता उसवायचं नाही. तुमची नखं खराब केली, त्याचा राग धरू नका."

शेगडीतलं लाकूड तडतडलं. मास्तरणीने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. पुसून झाला तरी घालेना.

"एवढंच ना काकू?" ठसका म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. "मला माझ्या धाकट्याला हाक मारायची तर आधी चारही पोरांची नावं घ्यावी लागतात, मग त्याचं येतं. बसा तुम्ही. तुम्ही उभ्या असलात की आम्हाला सुट्टी झाल्यासारखं वाटतं."

काकू बसल्या. उरलेल्या ओळी तीन दिवसांत झाल्या. त्या तीन दिवसांत काकूंनी चुकीचं सांगितलं तर कुणीतरी हळूच "निळे ना काकू?" म्हणायचं आणि काकू "हो, निळे," म्हणायच्या. तेवढं एक बरं झालं.

माथ्याच्या दिवशी फळी सगळ्यांत वरच्या खुंटीवर होती. छपराखाली धूर कोंडला होता आणि बायकांची डोकी तुळयांना लागत होती. बाहेर ढग उतरला होता. खिडक्या नुसत्या पांढऱ्या. वरून पाहिलं तर स्टुलावरच्या काकू मूठभर दिसत होत्या.

"कसं करायचं?" गवळणीने विचारलं.

"काकूंच्या तोंडात नसला तर आपल्या हातात असेल थोडा," मास्तरीण म्हणाली. "प्रत्येकीने आपापली जागा बघायची. डोळ्यांनी नका बघू. बोटांना विचारा."

मग सहा जणींनी आपापल्या जागेवर सुरुवात केली. एक गाठ, थांबायचं. दुसरी गाठ, थांबायचं. ठसका पुटपुटत होती, "इथे काळा होता... मग मला शिंक आली होती... मग दोन पांढरे." मास्तरणीने तीनदा बांधून तीनदा सोडलं. दोन्ही टोकांना दोघी बहिणी बसायच्या, त्यांना एकमेकींचं दिसत नव्हतं. त्या माना वाकवून एकमेकींना विचारत राहिल्या. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. डोंगर उठत होते, पण ते एका रांगेतले वाटत नव्हते. गवळणीचा उतार जिथे संपला तिथे मास्तरणीचा चढ एका बोटाने वरून सुरू होत होता. ठसक्याच्या डोंगराला शेंडा दोनदा आला.

"खोकला लागला असेल त्याला," ती म्हणाली.

आणि मधे, चौथ्या जागेवर, काहीच नव्हतं. धाकटीच्या बोटांना विचारायला काही नव्हतं. तिच्या समोर उभे पांढरे धागे तसेच होते, अलीकडे-पलीकडे डोंगर वर चढत होते, आणि धाग्यांच्या फटींतून मागची भिंत दिसत होती. सबंध सकाळ ती शेजारणींना लोकर देत होती, सुऱ्या देत होती. दूध पाजायला दोनदा खाली उतरून वर आली. वर येताना दोन्ही वेळा वाटलं, आता काहीतरी सुचेल. सुचलं नाही.

उरलेल्या सात ओळीही सहा जणींनी कशाबशा पूर्ण केल्या. मग सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. कुणी रागाने बघत नव्हतं. त्याचंच तिला जास्त झालं.

"शेजारचं बघून जोडून टाक," मास्तरीण म्हणाली. "एक डोंगर काढ तुझ्या मनाने. व्यापाऱ्याला काय कळतंय?"

धाकटीने फळीवरून मान मागे वळवली. "आई, माझ्या जागेवर काय होतं?"

काकूंनी वर पाहिलं. आधी गालिच्याकडे, मग त्या रिकाम्या पट्ट्याकडे, बराच वेळ.

"तिथे ती बसायची," त्या म्हणाल्या.

"हो. पण बांधू काय?"

काकूंचे ओठ हलले. खाली टोपलीत लेक रडायला लागली. कुणी उतरलं नाही.

"मनाने नको काढूस," काकू म्हणाल्या. "नाही आठवत तर नाही आठवत. काळे बांध."

"सगळे?"

"सगळे."

धाकटीने काळी लोकर घेतली. पहिली ओळ आपल्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी बांधली, ती घट्ट बसवायला फणी ठोकली. लेक रडत होती आणि धाकटीचं झंपर दुधाने ओलं होत चाललं होतं.

"काळे," मागून आवाज आला.

"बांधले," धाकटी म्हणाली, आणि दुसरी ओळ घेतली.

"काळे."

"बांधले."

अकरा ओळी होत्या. काकूंनी एकही चुकवली नाही.